मनासाठी गोळी सुरू करायची की नाही, तुम्ही कसं ठरवलंत?

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम लिहून दिलीय. पंधरा दिवस झाले, चिठ्ठी पर्समध्येच आहे. सासूबाई म्हणतात सवय लागेल, भाऊ म्हणतो रोज चालायला जा. औषध सुचवू नका, ते डॉक्टर बघतील. घेतलंत, नाही घेतलंत, मध्येच सोडलंत, जे झालं ते जसंच्या तसं लिहा. घाबरलेय, म्हणून विचारतेय.

*

बाळ दोन महिन्यांचं होतं. रडलं की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अंगावर पाजतेय, गोळी कशी घेऊ, इथेच अडलं होतं. डॉक्टरांनी सरट्रालीन दिली, ती दुधात फार कमी उतरते हे नीट समजावलं. पहिले दहा दिवस मळमळ, हात थरथरायचे, उलट जास्तच घाबरं व्हायचं. सोडणारच होते. नवरा रोज गोळी दिली की कालनिर्णयवर फुली मारायचा. पाचव्या आठवड्यात बाळाला तेल लावताना मी गुणगुणत होते. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. काही बोलली नाही.

*

मी नाही घेतली. त्रास सौम्य होता. डॉक्टरांनीच आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, मग समुपदेशन. मला झोप लागत होती, जेवण जात होतं. तेही नसतं तर घेतली असती.

*

बरं वाटलं म्हणून मी स्वतःच्या मनाने बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टर रागावले नाहीत. परत सुरू केली आणि चार महिन्यांत थोडी थोडी उतरवली. ताई, क्लोनाझेपामसारख्या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. तुमची गोळी त्यातली नाही, पण एकदम सोडायचीही नाही.

*

११ वर्षं लिथियम घेतोय, कधी अति उत्साह तर कधी नैराश्य, अशा टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध. आधी मला फक्त नैराश्याची गोळी मिळाली होती, कारण 'चांगले' दिवस मी सांगितलेच नव्हते. रात्र रात्र जागायचो, उसने पैसे घेऊन तीन धंदे काढले. त्या गोळीने तेच पुन्हा उसळलं. म्हणून कळकळीने सांगतो, उत्साहाचे दिवसही सांगा. आता रक्तातलं प्रमाण, किडनी, थायरॉइड वेळच्या वेळी तपासतो. अंगातलं पाणी कमी झालं की हे प्रमाण चढतं, म्हणून आषाढीची निर्जळी एकादशी सोडली. फार जड गेलं. दिंडीतल्या वीणेकरी बुवांना सांगितलं, तर त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. म्हणाले, "पी माउली, तुझ्या वाटचा उपास माझ्याकडे."

*

सगळं दोनदा वाचलं. उद्या परत डॉक्टरांकडे जातेय. मागच्या दिवाळीआधी आठवडाभर मी रात्री दोन-दोनला कपाटं आवरत होते, झोपेची गरजच वाटत नव्हती. हे त्यांना सांगितलेलं नाही.