ग्रंथालयातले जुने नकाशे डिजिटल करायचे आहेत, सल्ला हवा

शाईदौत (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे नकाशांचं एक कपाट आहे. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदाच पूर्ण रिकामं केलं, तेव्हा मोजून ३४० नकाशे निघाले. निम्म्याहून जास्त सपाट खणांत आहेत, साठेक कापडावर चिकटवून गुंडाळलेले, काही घड्या घातलेले. बहुतेक एकोणिसाव्या शतकातले.

यातले शंभरेक नकाशे काही वर्षांपूर्वी बाहेरून स्कॅन करून घेतले होते. ती सीडी परवा उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं. देखणं दिसावं म्हणून चारही बाजूंचे समास कापून टाकलेत. प्रकाशकाचं नाव, छपाईचं वर्ष, कोरणाऱ्याची सही, सगळं समासातच असतं ना! त्या शंभरातले दोन मूळ नकाशे आता कपाटात नाहीत. म्हणजे त्यांची ही कापलेली चित्रंच काय ती उरली.

आता सगळं काम नव्याने करायची परवानगी मिळाली आहे आणि पुन्हा तीच चूक होऊ द्यायची नाही. स्कॅनर घ्यावा की कॅमेरा? रेझोल्यूशन किती? फाइल कोणत्या प्रकारात आणि ठेवायच्या कुठे? जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवतात, ते आमच्यासारख्यांना जमेल का? ज्यांनी हे काम स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सपाटखण

स्कॅनर-कॅमेरा नंतर. आधी यादी करा. मी दोन संग्रहांचं काम केलं आहे. पहिल्या वेळी यादी न करता सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी कोणती फाइल कोणत्या कागदाची हेच कळेना.

प्रत्येक नकाशाला एक क्रमांक द्या, तो मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात लिहा आणि फाइलचं नाव त्याच क्रमांकावरून ठेवा. गावाच्या नावावरून नको, कारण एकाच गावाची चार स्पेलिंगं निघतात. शीर्षक नकाशावर जसं छापलं आहे तसंच उतरवा, चुकीसकट. शीर्षक नसेल तर तुम्ही दिलेलं चौकटी कंसात टाका, म्हणजे ते मूळचं नाही हे पुढच्या माणसाला कळेल. पाहणी कधी झाली आणि छपाई कधी झाली ही दोन वर्षं वेगळी नोंदवा. या दोहोंत वीस-तीस वर्षांचं अंतर सहज असतं, आणि अभ्यासक बहुतेक वेळा तिथेच फसतो.

मापं घेताना कागदाचं आणि नकाशाच्या आतल्या चौकटीचं अशी दोन्ही घ्या. याचं एक कारण आहे. नकाशावर 'एका इंचाला एक मैल', म्हणजे १:६३,३६०, असं लिहिलेलं असतं. ते फक्त त्या कागदापुरतं खरं. पडद्यावर चित्र लहानमोठं झालं की ते वाक्य खोटं ठरतं, खरी राहते ती फक्त रेघेने काढलेली प्रमाणाची पट्टी. म्हणून प्रत्येक चित्रात नकाशाशेजारी एक मोजपट्टी आणि रंगांची प्रमाणित पट्टी दिसलीच पाहिजे. तुमच्या हरवलेल्या दोन नकाशांच्या चित्रांत मोजपट्टी असती, तर निदान त्यांचा आकार तरी कळला असता.

आणि पाठीमागची बाजूही टिपा. सगळ्यांची.

खळ

मी कागद दुरुस्तीचं काम करते, तेव्हा यंत्राबद्दल नाही, कागदाबद्दल लिहिते.

रोलरमधून कागद ओढून घेणारे मोठे स्कॅनर असतात. ते आजच्या इमारतींच्या आराखड्यांसाठी ठीक आहेत, तुमच्या नकाशांसाठी नाहीत. कापडावर चिकटवून वर व्हार्निश दिलेला नकाशा त्यात गेला तर व्हार्निश तडकतं आणि खपल्यांबरोबर छपाईही जाते.

गुंडाळलेले नकाशे जबरदस्तीने उलगडू नका. वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या कागदाला तसं वळणच लागलेलं असतं, सपाट करायला गेलं की घडीवर नाही तर भलतीकडेच फाटतो. त्यांना दमट हवेत हळूहळू सैल करावं लागतं आणि ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं. त्यातही हिरवा रंग दिसला तर थांबा. जुन्या हाताने रंगवलेल्या नकाशांत तो पुष्कळदा तांब्याचा जंगाल असतो. जंगाल कागद आतून खातो. नकाशा उलटा करून पाहा, हिरव्याच्या बरोबर मागे तपकिरी डाग उमटलेला दिसेल. अशा कागदाला दमट हवा दिली तर ऱ्हास आणखी वेगाने होतो.

चिकटपट्टी ओढून काढू नका. लॅमिनेशन तर कधीही नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. त्याऐवजी पॉलिस्टरच्या दोन पारदर्शक तावांमध्ये नकाशा ठेवून फक्त कडा बंद करतात, तो हवा तेव्हा बाहेर काढता येतो. मात्र खडूचा किंवा सुटत चाललेला रंग असेल तर पॉलिस्टरही नको, त्यावरची स्थिर वीज रंग उचलून घेते.

३४० पैकी जे नाजूक आहेत ते बाजूला काढा आणि सगळ्यात शेवटी घ्या. तोवर तुमचे हातही बसलेले असतील.

छायाप्रकाश

रेझोल्यूशनचं सांगतो. ९० × ६० सेंटिमीटरचा एक नकाशा धरा. इंचाला ३०० बिंदूंनी घेतला, तर साध्या २४-बिट रंगात सुमारे २२५ एमबीची फाइल होते, ४०० ने सुमारे ४०० एमबी, ६०० ने सुमारे ९०० एमबी. ३४० नकाशे ४०० ने घेतलेत तर १३५-१४० जीबी, म्हणजे एका साध्या हार्ड डिस्कवर मावेल इतकंच. तेव्हा जागेच्या भीतीने कमी घेऊ नका.

किती घ्यायचं ते रेघ ठरवते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या नकाशात डोंगर दाखवणाऱ्या रेघा पार बारीक असतात, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. ३०० ला एक बिंदू ०.०८५ मिलिमीटरचा, म्हणजे रेघेला जेमतेम एक बिंदू मिळतो आणि शेजारच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. ६०० ला बिंदू ०.०४२ मिलिमीटरचा होतो आणि रेघ सुटी दिसते. भिंतीवर लावायच्या मोठ्या, जाड अक्षरांच्या नकाशाला मात्र ३०० पुरतं.

कॅमेरा की स्कॅनर? तुमच्याकडे कापडावरचे आणि नाजूक नकाशे बरेच आहेत. वरून टिपणारा कॅमेरा घ्या, त्यात कागद जागचा हलत नाही. अडचण एकच: ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला ८२५६ बिंदू असतात. ९० सेंटिमीटर त्यात बसवलं तर इंचाला २३३ च येतात. म्हणजे नकाशा भागाभागांत टिपून जोडावा लागतो, आणि जोडताना कॅमेरा तिरका असेल तर सरळ रेघा वाकतात. त्यावर साधा उपाय: नकाशाच्या जागी टेबलावर आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यात आलं की कॅमेरा टेबलाला समांतर आहे. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा, अतिनील किरण न देणारे. आकाराला घाबरू नका. ब्रिटिश लायब्ररीतला क्लेन्के अ‍ॅटलस पावणेदोन मीटर उंच आहे, १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला भेट दिलेला. तोही डिजिटल झाला आहे.

मूळ फाइल टिफ (चित्राचा तपशील न गमावता साठवता येणाऱ्या) प्रकारात, कोणतीही काटछाट न करता, रंग न खुलवता ठेवा. समासाच्या बाहेरची टेबलाची काळी कडाही दिसू द्या. लोकांना दाखवायच्या देखण्या प्रती तिच्यावरून वेगळ्या काढा.

वाटसरू

विषय आवडीचा आहे म्हणून विचारतो. इतकं बारकाईने टिपल्यावर मूळ कागद कशासाठी जपायचे? जागा आणि खर्च दोन्ही वाचतील की. आणि पाठीमागची कोरी बाजू टिपण्यात अर्धा वेळ जाईल.

सपाटखण

वाटसरू, मीही एकदा असाच विचार केला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

येल विद्यापीठात हेन्रिकस मार्टेलसचा १४९१ च्या सुमाराचा जगाचा नकाशा आहे. त्यावरचा बराचसा मजकूर पुसट होऊन वाचता येत नव्हता. २०१४ मध्ये त्याची वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेतली आणि शेकडो वर्षं न दिसलेली अक्षरं वर आली. साधं रंगीत छायाचित्र काढून मूळ कागद कुणी टाकला असता, तर ती अक्षरं कायमची गेली असती. आपलं चित्र म्हणजे आजच्या प्रकाशात जे दिसलं तेवढंच.

पाठ कोरी असते असं वाटतं, पण तिथेच ग्रंथालयाचे शिक्के, जुने क्रमांक, देणगीदाराची नोंद असते. २००५ मध्ये त्याच येलमध्ये एक नकाशा-विक्रेता पकडला गेला. पुढे त्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. एकाच छपाईच्या दोन प्रतींतून 'ही आमची' असं सांगायला कागदावरचे डाग, भोकं, फाटल्याची रेघ आणि पाठीवरच्या खुणा लागतात. हे सगळं चित्रात आधीपासून असलं पाहिजे. नकाशा टेबलावर आहेच, उलटायला एक मिनिट लागतं. तो पुन्हा खणातून काढायला मात्र दहा वर्षं जातात.

रेखांश

आजच्या नकाशावर बसवण्याबद्दल: जमेल, नक्की जमेल. क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली आहे, त्यात यासाठी साधन आहे. जुन्या नकाशावरचा बिंदू आणि आजच्या नकाशावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या. त्यावरून प्रणाली चित्र ताणून-वळवून बसवते, त्याला रूपांतर म्हणतात. साध्या रूपांतराला कमीत कमी ३ जोड्या, जास्त वाकवू देणाऱ्या दुसऱ्या घाताच्या रूपांतराला ६, तिसऱ्याला १०. प्रत्यक्षात दुपटीने द्या आणि चारही कोपऱ्यांत पसरून द्या. बिंदू म्हणून नदीचं वळण किंवा किनारा घेऊ नका, ते सरकतात. त्रिकोणमितीची स्थानकं (पाहणीसाठी पक्के ठरवलेले बिंदू), जुने पूल, पक्क्या रस्त्यांचे चौक घ्या.

एक सावधगिरी. 'थिन प्लेट स्प्लाइन' नावाची पद्धत प्रत्येक बिंदू अचूक बसवते आणि चूक शून्य दाखवते. नवशिक्याला वाटतं, वा! खरं तर तुमचा एखादा बिंदू साफ चुकलेला असला तरी ती रबरासारखं ताणून तो लपवते. आधी साध्या पद्धतीने करा, कोणता बिंदू किती चुकतो ते पाहा.

रेखांश वाचताना शून्य कुठे धरलं आहे ते तपासा. ग्रीनिचचं १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं, त्याआधी ज्याचं त्याचं शून्य होतं. पॅरिसचं शून्य ग्रीनिचच्या पूर्वेला २°२०′१४″ वर. फेरो बेटाचं शून्य पॅरिसच्या पश्चिमेला २०° वर धरायचे. आणि सगळं बरोबर करूनही थोडा फरक उरला तर पाहणी करणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद ओला करायचे. वाळताना तो आकसायचा, तेही उभ्या-आडव्या दिशांना सारखं नाही. कापडावर तुकडे करून चिकटवलेल्या नकाशात तुकड्यांमधल्या फटी असतात, तिथे प्रत्येक तुकडा वेगळा बसवणं बरं.

बसवलेली प्रत ही वाकवलेली प्रत असते. मूळ चित्र कधीही बदलू नका. तुमची चित्रं आयआयआयएफ या, इंटरनेटवर चित्रं दाखवण्याच्या मानकाप्रमाणे ठेवलीत, तर ऑलमॅप्ससारखी नकाशे बसवण्याची साधनं बिंदूंच्या जोड्या वेगळ्या साठवतात आणि चित्राला हात लावत नाहीत. हातांची कमतरता असेल तर वाचकांना हाक द्या. ब्रिटनच्या जुन्या सहा-इंची (मैलाला सहा इंच प्रमाणाच्या) नकाशांवरची २५ लाखांहून जास्त नावं जीबी१९०० या उपक्रमात स्वयंसेवकांनीच उतरवून काढली. तुमच्या परिसरातल्या वयस्कर वाचकांना मोडून गेलेले रस्ते माहीत असतात, ते कोणत्याच प्रणालीला माहीत नसतात.

छायाप्रकाश

साठवणीचं राहिलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा तपासणीचा आकडा, काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. फाइल उघडते म्हणजे ती शाबूत आहे असं नसतं. आणि एक प्रत कोणत्याही जाळ्याला न जोडलेली हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेच्या डिजिटल सेवा कित्येक महिने बंद होत्या.

शाईदौत (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून यादी सुरू केली, ४२ झाले. सपाटखण, तुमचं ऐकून प्रत्येकाची पाठ पाहते आहे. एकोणतिसाव्या नकाशामागे पेन्सिलीने लिहिलेला जुना क्रमांक सापडला, तो आमच्या कोणत्याच नोंदवहीत नाही. नकाशांसाठी पूर्वी वेगळी वही असणार, ती आता शोधते आहे. मिळाली तर हरवलेल्या दोघांचाही माग लागेल.

खळ ताई, एक विचारायचं राहिलं. सात-आठ नकाशे निळसर, गुळगुळीत, आरपार दिसणाऱ्या कापडावर शाईने काढलेले आहेत. त्यांना सुरकुत्या आहेत आणि धूळही. ओल्या बोळ्याने हलकेच पुसले तर चालेल का?

खळ

नाही, थेंबभरही पाणी नको! ते आराखड्यांचं कापड आहे. त्याला खळ भरून घोटून आरपार केलेलं असतं. पाणी लागलं की खळ विरघळते, तिथे पांढरा अपारदर्शक डाग पडतो आणि तो परत जात नाही. घामेजलेल्या बोटांचेही ठसे उमटतात, हातमोजे घाला. धूळ मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झाडा. सुरकुत्या तशाच राहू द्या, स्वच्छ काचेच्या भाराखाली काही दिवस ठेवून जेवढ्या बसतील तेवढ्या. टिपताना खाली शुभ्र कागद घाला, नाहीतर टेबलाचा रंग कापडातून वर येईल. आणि हे सात-आठ पहिल्यांदा करा. हाताने काढलेले आहेत म्हणजे त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसेल.