हॉस्टेलचा गणपती : ज्याने जे खातं सांभाळलं, त्याने ते लिहा

दरवर्षी जुनी पोरं पास होऊन जातात आणि नवी कमिटी पहिल्यापासून चाचपडते. मखर कुठल्या कपाटात आहे, वायर कोणत्या बोर्डावरून ओढायची, मेसची भांडी कोण परत करणार, सगळं पुन्हा नव्याने. तेव्हा ज्यांनी वसतिगृहाचा गणपती बसवलाय त्यांनी आपापल्या खात्याचं लिहा. गमतीजमती नकोत. मापं, वेळा आणि नेमकं काय बिघडतं, एवढंच. सुरुवात म्हणून ही आमची टिपणं.

तारखा-परवानग्या

पंचांग आणि विद्यापीठाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बसा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती; २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. एवढ्या फरकाने उत्सव थेट अंतर्गत चाचण्यांवर जाऊन आदळतो.

किती दिवस बसवायचा हे हौसेवर ठरवू नका, हजेरीवर ठरवा. घरी गणपती असलेली मुलं चतुर्थीच्या आदल्या रात्रीच गाडी धरतात, कोकणातली त्याहून आधी. म्हणजे प्रतिष्ठापनेलाच माणसं कमी. दीड दिवसाचा केला तर ती परत यायच्या आत विसर्जन उरकतं. दहा दिवसांचा केला तर हार-दूर्वा-नैवेद्य शेवटी दोघातिघांच्या गळ्यात पडतं. सात दिवसांचा सोयीचा, गौरी बोळवून आलेल्यांनाही निदान शेवटची आरती मिळते.

अर्ज तीन आठवडे आधी द्या, रेक्टर, सुरक्षा आणि विद्युत विभाग अशा तिन्ही ठिकाणी. मिरवणूक गेटबाहेर जाणार असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. काही ठराविक दिवशी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण ती कोणत्या दिवशी आहे ते आदेशात बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. आपलं आवार त्यात येतं का, हे अर्ज देतानाच विचारून ठेवा.

खजिनदार

दीडशे मुलं, माणशी शंभर, म्हणजे पंधरा हजार. हे कागदावर. खर्च दहा हजारांत बसवा. वरचे आले तर शेवटच्या दिवशी जेवण वाढवता येतं. आधी खर्च करून मग दारोदार फिरणं फार वाईट.

यूपीआयने घेतलेल्या पैशांत खोली क्रमांक लिहायला लावा, नाहीतर तीन अक्षयपैकी कुणाचे आले ते कळत नाही. रोख घेतली की पावती लगेच फाडा. कॅम्पसबाहेर दुकानांमधून वर्गणी मागायची असेल तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ४१क). नुसतं हॉस्टेलच्या लेटरहेडवर फिरू नका.

पैसा गळतो तो हारांत. झेंडू चतुर्थीच्या सकाळी सगळ्यात महाग असतो; आदल्या दुपारी सुटा घ्या आणि रात्री चौघांनी बसून ओवा. ओवलेला हार ओल्या फडक्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आतून कुजतो.

वायरिंग

खोलीतला किंवा कॉमन रूममधला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे साधारण १३०० वॅट. ५०० चे दोन हॅलोजन लावले की उरतात तीनशे. त्यावर अँप्लिफायर, पंखा आणि कुणीतरी हळूच खोचलेली इस्त्री; एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण) पडणारच. मग लोक काय करतात, एमसीबी बदलून मोठी टाकतात. असलं कधीही करू नका. एमसीबी वायरचं रक्षण करते, वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली की भिंतीतली वायर तापत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हॅलोजन काढा, ५० वॅटचे एलईडी फ्लड लावा, प्रश्न मिटतो.

भाद्रपदात पाऊस असतोच. जोड जमिनीवर टाकू नका, कापून उलटी घातलेल्या बाटलीखाली उंचावर बांधा. मंडपाची लाइन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) घ्या. समई आणि पडदा यांत हातभर अंतर ठेवा.

मेस कमिटी

उकडीचे मोदक शंभर जणांचे करायला जाऊ नका. उकड गरम असतानाच मळून वळावी लागते. थोडी थंड झाली की पाकळ्या फाटतात आणि शिकाऊ हातांकडून तासाला पंधराही होत नाहीत. नैवेद्यापुरते एकवीस करा, बाकीच्यांना शिरा.

सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, साडेचार लिटर दूध, सहा केळी, वेलची, बेदाणे. शंभर द्रोण निघतात. पातेलं निदान १५ लिटरचं आणि जाड बुडाचं हवं. मेसच्या शेगडीची आच मधोमध लागते, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या तोपात मधला रवा करपतो आणि कडेचा पांढरा राहतो. तूप घालून रवा मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा, उलथणं तळ खरवडत फिरलं पाहिजे. रंग बदामी झाला आणि घमघमाट सुटला की केळ्याच्या चकत्या घालून परता. मग आच अगदी मंद करून दूध. दूध उकळतंच हवं, गार ओतलं की गुठळ्या. आणि एकदम ओतू नका, तीन वेळा थोडं थोडं. नाहीतर वाफेचा भपका थेट हातावर येतो. रवा पूर्ण फुलल्यावरच साखर. आधी घातली तर रवा फुगायचा थांबतो आणि दाताखाली कचकचतो. तक्रार मात्र साखर कमी पडल्याची येते.

रोजच्या आरतीला खिरापत बरी: भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, खारीक पूड, खडीसाखर, बेदाणे. हवाबंद डब्यात आठवडाभर टिकते. ओला चमचा घालणाऱ्यावर लक्ष ठेवा.

सजावट

थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा घ्या, दोन थर आडवे-उभे चिकटवा, म्हणजे वाकत नाही. सांधे बांधून जोडले तर मखर सुटं होऊन पुढच्या वर्षी कामाला येतं.

ढोल पथक

ढोलावर ताणलेलं चामड्याचं पान पावसात सैल पडतं, दर अर्ध्या तासाला दोऱ्या ओढाव्या लागतात. फायबर पान तसंच राहतं, आवाज मात्र टणक. नव्या पोरांना महिनाभर आधी एक ठोका, दोन ठोका यावरच घोळवा. ताशा कच्चा असेल तर तीस ढोल असूनही ताल विस्कटतो. कानात कापूस, बोटांना चिकटपट्टी.

मूर्ती-विसर्जन

फूटभर शाडूची मूर्ती घ्या. उचलताना खालून पाट धरा, मूर्तीच्या हाताला धरून उचलली तर तिचं मनगट निखळतं. विसर्जनाला मोठा टब, मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी. रात्रभरात विरघळून तळाला बसते, काठीने ढोसायची गरज नाही. गाळ सुकवून पुढच्या वर्षासाठी मूर्तिकाराला द्या. नुसता कुंडीत घातला तर दगडासारखा आवळतो.

पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) आलीच तर टबातल्या पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घाला, मूर्तीच्या वजनाइतकंच. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) सुचवलेली पद्धत आहे ही: खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. दोन दिवस लागतात, मधून मधून ढवळावं लागतं. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, म्हणून टब गच्चीवर किंवा उघड्यावर, कॉरिडॉरमध्ये नको. वरचं पाणी खत म्हणून चालतं, पण भरपूर पातळ करून.

आणि मेसची भांडी त्याच रात्री घासून मोजून परत करा. शिऱ्याचं पातेलं एक रात्र राहिलं की तळाचं तूप थिजतं, आणि मेसचे काका पुढच्या वर्षी पातेलं देत नाहीत.