पुनोत खोली घेताना आधी हीटरचं विचारा

जुलैत पुनोला साध्या गेस्टहाऊसवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल, पण खोलीत हीटर आहे का ते आधी विचारा. पेरू देशातलं टिटिकाका सरोवराकाठचं हे शहर सुमारे ३८०० मीटरवर आहे, जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, रात्री पारा शून्याखाली जातो. इथे फोंड्यात आम्हाला जानेवारीतही एक चादर पुरते. तिथे बिनहीटरच्या खोलीत लोकरीची चार जड पांघरुणं घेऊनही नाकाचा शेंडा गारच. मालकीणबाईंनी न मागता गरम पाण्याची पिशवी आणून दिली, तिच्यावर रात्र निघाली. फार मायेची बाई!

आंघोळ दुपारी उरका. शॉवरच्या तोंडालाच विजेचा हीटर होता. नळ जेमतेम सोडला तरच पाणी कढत यायचं.

खोली तळमजल्यावरचीच मागा. विरळ हवेमुळे बॅगा वर नेताना आम्ही दर सहा पायऱ्यांवर दम खात होतो. आणि राजधानी लिमाहून थेट विमानाने येऊ नकाच, लिमा समुद्रकाठी आहे, एकदम एवढी उंची अंगाला सोसत नाही. वाटेत आरेकिपाला, म्हणजे साधारण २३०० मीटरवर, दोन रात्री काढा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, बरं वाटतं. पण डोकं ठणकत राहिलं, उलट्या थांबेनात, तर चहावर विसंबू नका, डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.