'५० टक्क्यांपर्यंत सूट' हे वाक्छल आहे का?

प्रश्न
मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकते. एका दुकानावर '५० टक्क्यांपर्यंत सूट' अशी पाटी होती. 'पर्यंत' हा शब्द अगदी बारीक अक्षरांत होता आणि आत जवळजवळ सगळ्या कपड्यांवर १० टक्केच सूट निघाली. विधान खोटे नाही, तरी फसवणूक झाली असे मला वाटते. याला न्यायदर्शनातील वाक्छल म्हणावे की हेत्वाभास?

प्रतिसाद १
माझ्या मते दोन्ही नाही. न्यायसूत्रांत 'वचनविघातोऽर्थविकल्पोपपत्त्या छलम्' (१.२.१०) अशी व्याख्या आहे, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांना भलताच अर्थ चिकटवून त्याचे म्हणणे खोडणे. या सूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात वाक्छलाचे, म्हणजे एका शब्दाच्या दोन अर्थांचा फायदा घेणाऱ्या छलाचे, 'नवकम्बलोऽयं माणवकः' हे उदाहरण येते: मुलाजवळ नवे कांबळे आहे असे कोणी म्हणताच प्रतिपक्षी 'नव' म्हणजे नऊ असे धरून 'याच्याजवळ तर एकच आहे' असा आक्षेप घेतो. म्हणजे छल ऐकणारा करतो. तुमच्या पाटीत मात्र दिशाभूल बोलणाऱ्याने केली आहे. हेत्वाभास हा अनुमानातील हेतूचा, म्हणजे निष्कर्षासाठी दिलेल्या कारणाचा, दोष असतो आणि पाटीने कोणताही हेतू मांडलेला नाही. अनुमान तुम्ही केलेत.

प्रतिसाद २
वर्गीकरण मान्य आहे, पण 'अनुमान तुम्ही केलेत' एवढ्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते. त्याच भाष्यात छलाचे खंडन करताना म्हटले आहे की शब्दाचा अर्थ प्रसंगाच्या सामर्थ्याने ठरतो. 'शेळी गावात ने' असे सांगितल्यावर कोणी जगातल्या सगळ्या शेळ्या हाकत नाही. हा नियम ऐकणाऱ्याला बांधत असेल, तर बोलणाऱ्यालाही बांधतो, आणि '५०' ठळक व 'पर्यंत' बारीक लिहिणाऱ्याला वाचणारा काय समजेल हे पक्के ठाऊक असते.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग 'सारा गाव जत्रेला लोटला' यावर कोणी 'घरे तर जागेवरच आहेत' असे म्हणाला, तर ते वाक्छलच ना?

प्रतिसाद १
नाही, ते उपचारछल. 'नव'चे दोन्ही अर्थ मुख्य आहेत. इथे मात्र 'गाव' हा शब्द लक्षणेने, म्हणजे गौण अर्थाने, गावकऱ्यांसाठी वापरलेला असून आक्षेपक मुख्यार्थ पुढे करतो. भाष्यातील 'मञ्चाः क्रोशन्ति' याच जातीचे आहे, कारण ओरडतात ती मंचांवरची माणसे. हे दोन्ही एकच का मानू नयेत, ही शंका सूत्रकारांनीच घेतली आहे आणि थोड्याशा साम्यामुळे भेद पुसला तर सर्वच छले एक होतील, असे तिचे उत्तर दिले आहे (१.२.१५-१७). चरकसंहितेच्या विमानस्थानात मात्र वाक्छल आणि सामान्यछल (विधान हवे त्यापेक्षा व्यापक धरून खोडणे) असे दोनच प्रकार सांगितले आहेत, त्यामुळे परीक्षेत 'न्यायमतानुसार' असे आवर्जून लिहा.