व्यक्तिचित्र कुणाचं? काढणाऱ्याचं की बसणाऱ्याचं?

खडूपेन्सिल: चर्चिल ८० वर्षांचे झाले तेव्हा खासदारांनी वर्गणी काढून चित्रकार ग्रॅहम सदरलँडकडून त्यांचं पोर्ट्रेट करून घेतलं आणि ३० नोव्हेंबर १९५४ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ते भेट दिलं. खुर्चीचे हात धरून बसलेला, थकलेला, चिडका म्हातारा. चर्चिलनी भाषणात ‘आधुनिक कलेचा लक्षणीय नमुना’ म्हणून टोला हाणला, लोक हसले. पुढे त्यांच्या पत्नी क्लेमेंटाइनबाईंनी ते गुपचूप नष्ट करवलं. १९७८मध्ये हे उघड झालं. माझ्या मते हा निव्वळ अपराध. चार बैठका दिल्या म्हणून चित्र तुमच्या मालकीचं होत नाही.

आडवाटेचा: अहो, पण चेहरा तर त्यांचाच ना? त्यांना ‘गार्टर’ या मानाच्या सरदारकीच्या झग्यात बसायचं होतं, देणाऱ्यांना रोजचाच पोशाख हवा होता. म्हणजे ज्याचं चित्र, त्याचंच चालेना! शिवाय आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि तो लोकांपासून लपवला होता. घरच्यांनी झाकलेलं आजारपण तुम्ही भर सभेत भिंतीला टांगणार?

खडूपेन्सिल: तेच तर सदरलँडला दिसलं! पिकासोचं बघा. त्याने जिचं पोर्ट्रेट केलं त्या लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे ती ८०-९० वेळा बसली. तरी त्याने चेहरा पुसला आणि १९०६मध्ये ती समोर नसताना नव्याने रंगवला. तिने ते चित्र मरेपर्यंत जपलं.

आडवाटेचा: जपलं, कारण तिला पटलं. नसतं पटलं तर? जाळणं चूक, हे मान्य. पण नापसंतीचा हक्क तरी ठेवा.

मुंग्याआल्या: तुमचं चर्चिल-स्टाइन चालू द्या. मी एका कला महाविद्यालयात दोन वर्षं मॉडेल म्हणून बसले. पावलांभोवती खडूने रेघ मारतात, म्हणजे चहा पिऊन आल्यावर पाय त्याच जागी. विसाव्या मिनिटाला डावा पाय बधिर. माझी शेकडो चित्रं निघाली असतील, एकाखालीही माझं नाव नाही. ‘बसलेली स्त्री’. हक्कबिक्क दूरच राहिले, ‘जरा मान हलवू का’ हे विचारायचीही चोरी.

खडूपेन्सिल: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण तुम्ही पैसे घेऊन बसत होता, तिथे बोलणंच वेगळं.

मुंग्याआल्या: सदरलँडनेही पैसेच घेतले होते की! त्याचं नाव राहिलं.

ऑर्डरप्रमाणे: मी फोटोवरून आणि बसवूनही पोर्ट्रेट करतो, पोटापाण्याचा धंदा आहे. परवा एका काकांना तीनदा बसवलं. चौथ्यांदा सूनबाई आल्या, ‘पप्पांचं पोट जरा आत घ्या, आणि हसू द्या’. काका काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. पोट आत घेतलं, ओठांची कडा उचलली. हात मात्र जसेच्या तसे काढले, सुजलेल्या सांध्यांसकट. हातांकडे सूनबाईंचं लक्ष गेलं नाही. काका न्यायला आले तेव्हा बराच वेळ तिथेच बघत होते.