वेजर, बेट, शर्त, पैज : कुठं काय म्हणायचं?

सुदामा नगर, इंदूर

नमस्कार मंडळी. एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. करार कायद्याचं कलम 30 हिंदी पुस्तकात 'पंद्यम के तौर के करार शून्य हैं' असं छापलंय. इंग्रजीत तिथं 'वेजर' आहे. पंद्यम हा शब्द आमच्या घरात कुणाच्या बापजन्मी ऐकलेला नाही. आजोबा म्हणतात सट्टा म्हण, आई म्हणते जुगार, आणि आम्ही मुलं सरळ 'शर्त' म्हणतो. वेजर आणि बेट एकच का? आणि मराठीत काय म्हणावं?

लोकमान्य नगर

पैज. यात विचारण्यासारखं काय आहे?

रामबाग

विचारण्यासारखं आहे हो. मी वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पंद्यमचं. हा दक्षिणेचा पाहुणा. तमिळमध्ये 'पंदयम', तेलुगूत 'पंदेम'. आंध्रात संक्रांतीला कोंबड्यांच्या झुंजी लागतात, त्यांना 'कोडी पंदेम'च म्हणतात. हिंदीत तो कायद्याच्या पुस्तकातच राहिला, आपल्या इंदुरात राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत कुणाच्या तोंडी सापडायचा नाही. बरं, त्याच हिंदीत संविधानाच्या राज्य सूचीतली 34वी नोंद 'दांव और द्यूत' अशी आहे. म्हणजे इंग्रजीत बेटिंग असलं की दांव आणि वेजर असलं की पंद्यम!

आजोबांचा 'सट्टा' मात्र इथं चालणार नाही, आणि हे इंदूरकरानं तरी समजून घ्यावं. सर सेठ हुकुमचंदांचं नाव कापसाच्या सट्ट्यानं दूरवर गेलं ते याच गावातून. सट्टा म्हणजे भाव चढेल की उतरेल या अंदाजावर केलेला सौदा. त्यात दोघांपैकी एकाचा जरी माल खरोखर घेण्याचा किंवा देण्याचा इरादा असला तरी कायद्याच्या दृष्टीनं तो वेजर नाही. माल बघायचाच नाही, नुसता भावातला फरक एकमेकांना चुकता करायचा, असं दोघांनीही ठरवलेलं असेल तरच तो वेजर. आणि रोज पेपरात 'सट्टा पट्टी लिखते पकड़ाया' म्हणून येतं तो खाईवालाचा, म्हणजे आकड्यांवर पैसे लावून घेणाऱ्याचा, सट्टा आणखी वेगळा. एकाच शब्दात इतकं कोंबलेलं असताना परीक्षेत तो कशाला लिहायचा?

जुगार हा शब्द मोठा आहे. पत्ते, फासे, मटका, अड्डा सगळं त्यात येतं आणि वर बदनामीचा वास. वेजरला खेळ लागतच नाही. दोन माणसं, एक अनिश्चित गोष्ट, दोघांची मतं उलट, एक जिंकला की दुसरा हरलाच पाहिजे, आणि लावलेल्या रकमेपलीकडे त्या गोष्टीत दोघांचाही काही हितसंबंध नाही. बस. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून एकजण म्हणतो, 'होळकर स्टेडियमवर सेहवागनं 219 केले होते', दुसरा म्हणतो, 'नाही, 209', आणि हजार रुपये लागतात. झाला वेजर. सामना 8 डिसेंबर 2011 लाच संपलेला आहे, तरी चालतं, कारण खरा आकडा त्या दोघांना पक्का ठाऊक नाही. (209 रोहित शर्माचे, बंगळूरला, 2013 मध्ये. ही गल्लत नेहमीची.) आता हरणाऱ्यानं पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाता येणार नाही. करार शून्य. मात्र शून्य म्हणजे बेकायदा नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं घेरूलाल पारख खटल्यात 1959 सालीच सांगितलंय. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या बक्षिसाच्या वर्गणीला कलमात सूट आहे, बक्षीस पाचशे रुपये किंवा जास्त असेल तर. 1872 च्या कायद्यातले पाचशे, अजून तेवढेच!

विम्यातही अनिश्चित घटना असते, पण घर जळलं तर नुकसान तुमचं होतं. शेजाऱ्याच्या घराचा विमा तुम्ही काढायला गेलात तर ती पैजच.

सुदामा नगर

काका, हे तर वर्गातही इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पण वेजर आणि बेट?

रामबाग

रोजच्या व्यवहारात एकच. वेजर जरा भारदस्त, कागदावरचा. बेट तोंडातला. वेजरच्या मुळाशी तारण आहे, म्हणजे शब्द पाळीन म्हणून ठेवलेली वस्तू. पगाराला म्हणतात तो 'वेज' त्याच घरातला. इंग्लंडात द्वंद्वयुद्धानं खटल्याचा निकाल लावायची जुनी रीत होती, तिला 'वेजर ऑफ बॅटल' म्हणत. तिथं पैजेचा काही संबंध नव्हता, लढायला येईनच याची ती हमी. ही रीत 1819 मध्ये कायद्यानं बंद झाली.

आपली पैजही 'प्रतिज्ञा' वरूनच घसरत आलेली. ब्रज भाषेत पैज म्हणजे अजूनही निश्चय. त्यामुळे वेजरला पैज हा जोड मला फार पसंत आहे. आणि लावलेली रक्कम, जिला स्टेक म्हणतात, तिला 'पण' म्हणा. पणाला लावणं आपण बोलतोच.

नारायण बाग

'शर्त'ला उगीच हिंदी म्हणून हाकलू नका. अरबी शर्तच मराठीत शर्यत झाली. आधी पैज, मग पैजेवर धावणं, मग नुसतं धावणं. तमिळ पंदयमचाही अर्थ पैज आणि शर्यत असा दुहेरी आहे, म्हणजे दोन्हीकडे वाट एकच. आमच्या घरी 'लाव शर्त भिया' असंच ऐकत मोठे झालो. फक्त लिहिताना सांभाळा. पुण्याचा वाचक शर्त म्हटलं की 'अट' समजेल.

लोकमान्य नगर

आणि पुण्याची पोरं काय म्हणतात? 'लागली बेट?' आम्हाला बेट म्हटलं की बांबूचं आठवतं. 'बेट लावलं' म्हणजे बागकाम, 'बेट लावली' म्हणजे पैज. पैज आणि शर्त दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून हीही तशीच झाली असणार.

रामबाग

बरोबर. एक इशारा मात्र देतो. 'आय बेट' दिसलं की लगेच पैज लिहू नका. 'आय बेट तो उशिरा येणार' यात पैसे कुणी लावलेत? तिथं 'बघ, उशिराच येणार तो'. 'यू बेट' म्हणजे 'अर्थातच', 'सेफ बेट' म्हणजे 'बिनधोक'. माझा नातू हल्ली मोबाइलवर नुसतं 'बेट' लिहितो, त्याचा अर्थ 'चालेल' एवढाच.

सुदामा नगर, पेपर हिंदीत असेल तर पंद्यमच लिही हो. तपासणाऱ्याच्या हातात तेच पुस्तक असतं.