बोअरच्या पाण्यात आर्सेनिक: उन्हाळी धानाला पाणी कसं द्यावं?

चौकीकर:
छत्तीसगडमधल्या अंबागड चौकीजवळ एक एकर बांधी (धानाचं शेत) आहे. बोअरच्या तपासणीत लिटरला ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक आलं. पिण्याची मर्यादा ०.०१ आहे, म्हणून ते पाणी प्यायला बंद केलं. पण उन्हाळी धान याच बोअरवर आहे आणि रोवणीपासून बांधीत पाणी तुंबवून ठेवतो. दाण्यात उतरतं का? पाणी कमी केलं तर फरक पडेल?

बांधबंदिस्ती:
उतरतं. हिशेब बघा. हंगामाला १००० मिमी पाणी धरलं तर एकरी ४० लाख लिटर, म्हणजे ४०० ग्रॅम आर्सेनिक. पावसाळ्यात त्यातलं थोडं धुऊन जातं, बाकी मातीत साठत राहतं. पश्चिम बंगालमध्ये नदिया, मुर्शिदाबादकडे बोरो म्हणजे उन्हाळी धानात हेच झालं.

पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. आर्सेनिकला धरून ठेवणारा लोहाचा गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं आणि सिलिका ज्या वाटेने मुळात शिरते त्याच वाटेने आत जातं. म्हणून पाणी आळीपाळीने द्या, मधे बांधी सुकू द्या.

१० सेंमी व्यासाचा, ३५ सेंमी लांब पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या २० सेंमीला चहूबाजूंनी ५ मिमीची भोकं पाडा. बांधापासून मीटरभर आत, भोकांचा भाग मातीत जाईल असा ठोका आणि आतला चिखल हाताने पूर्ण काढा. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करा. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी गेलं की बांधीत ५ सेंमी पाणी भरा. निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आधी आठवडा ते फुलोऱ्यानंतर आठवडा मात्र सुकवू नका, दाणे पोचट राहतात.

चौकीकर:
बांधीला भेगा पडायला लागल्या, तरी पाइपात पाणी वरच दिसतं. असं का?

बांधबंदिस्ती:
भोकं चिखलाने बुजली असणार. पाइप उपटा, धुवा, दुसऱ्या जागी ठोका. भेगा बोटभर रुंद होऊ देऊ नका. त्यांतून पुढचं पाणी सरळ खाली जातं आणि बचत शून्य होते. युरिया सुकलेल्या बांधीत, पाणी सोडण्याच्या अगदी आधी टाका. तण वाढेल, निंदण एक जास्त धरा.

मातीपरीक्षण:
दादा, एक इशारा. जमीन आम्लधर्मी असेल तर फार सुकवल्यावर आर्सेनिक घटतं पण कॅडमियम हा दुसरा विषारी धातू वाढतो. आधी सामू (पीएच) तपासा आणि १५ सेंमीची मर्यादा ओलांडू नका.

पाणी बांधीत पडतं तिथे तांबूस थर बसतो ना? पाण्यातलं लोह हवेने गंजून खाली बसतं, सोबत आर्सेनिकही. मातीचा नमुना तोंडापासचा वेगळा आणि पलीकडच्या टोकाचा वेगळा घ्या, मिसळू नका. पाइपने थेट सोडण्यापेक्षा लांब उघड्या पाटातून फिरवून आणा. पाटातला तांबडा गाळ बांधीत पसरू नका. तणसात (धानाच्या पेंढ्यात) दाण्यापेक्षा कितीतरी जास्त आर्सेनिक असतं, जनावरांना देण्याआधी तेही तपासा.

धान तपासताना प्रयोगशाळेला ‘असेंद्रिय आर्सेनिक’ (त्याचा जास्त विषारी प्रकार) असं स्पष्ट सांगा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची २०१४ची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे आणि ती असेंद्रियाचीच आहे, एकूण आकड्याशी तुलना करू नका.

रब्बीहरभरा:
माझ्या मते या बोअरवर उन्हाळी धान घेऊच नका. पावसाच्या पाण्यावर खरिपाचा धान घ्या, मग हरभरा किंवा जवस. हरभरा-जवसात पाणी तुंबवायचं नसतं, त्यामुळे दाण्यात उतरण्याची मुख्य वाटच बंद होते. घरातला तांदूळ सध्या चांगलं पाणी तांदळाच्या सहापट घेऊन त्यात शिजवा, भात वेळून घ्या आणि पेज फेकून द्या. ती जनावरांनाही नको.